बिल एकाचं, तार दुसऱ्याची, वीज तिसऱ्याची

कुलाब्यातल्या घराला बेस्टचं वीजबिल येतं. माहीम-शीव ओलांडून उपनगरात गेलात की बिल अदानीचं, नाहीतर टाटाचं. भांडुप-मुलुंड मुंबईतच, पण तिथे महावितरण. ठाण्यातही महावितरण, मात्र मुंब्रा आणि भिवंडीत मीटर बघायला येणारा माणूस टोरंटचा. तिथून पुढे, मालेगावसारखा अपवाद सोडला तर, थेट गडचिरोलीपर्यंत पुन्हा महावितरण. लोक तिला अजूनही ‘एमएसईबी’च म्हणतात, ते मंडळ मोडून वीस वर्षं झाली तरी.

हा नकाशा कोणी टेबलावर बसून आखलेला नाही, तो साचत गेला आहे. बेस्ट ही मुळात ब्रिटिशकाळातली खासगी कंपनी, १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला पाण्यावर वीज करायला सुरुवात केली, गिराईक मुख्यतः मुंबईच्या कापड गिरण्या. उपनगरांतली बीएसईएस १९२९ ची. ती पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानीकडे गेली. म्हणजे जिथे दाट वस्ती होती आणि पैसे देणारं गिराईक होतं, तिथे खासगी वीज स्वातंत्र्याच्या आधीच पोचली होती. कोलकाता आणि अहमदाबादचीही हीच कथा. उरलेल्या देशात तारा ओढायला कोणी पुढे येणार नव्हतं. त्यासाठी १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली आणि त्यातून १९६० मध्ये आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ उभं राहिलं. वीज तयार करणं, वाहून नेणं, गावागावात पोचवणं आणि बिल वसूल करणं, हे सगळं त्या एका छपराखाली चालायचं.

वीज कायदा २००३ ने हे छप्पर काढलं. ६ जून २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या: महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरून नेते, महावितरण ती घरात देऊन पैसे घेते. या तिघींच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी आहे आणि मालकी सगळीकडे राज्य सरकारचीच. त्यामुळे ‘मंडळाचे तुकडे झाले म्हणजे खासगीकरण झालं’ हा समज चुकीचा आहे. तुकडे करण्यामागचा हेतू असा की कुठल्या कामात किती पैसा जातो ते वेगळं दिसावं आणि जिथे स्पर्धा शक्य आहे तिथे ती होऊ द्यावी.

स्पर्धा शक्य होती ती मुख्यतः निर्मितीत. २००३ नंतर औष्णिक वीजकेंद्र उभारायला परवाना लागत नाही. आज देशाच्या स्थापित क्षमतेत खासगी क्षेत्राचा वाटा अर्ध्याहून अधिक आहे. बाकीचा केंद्र आणि राज्यांच्या कंपन्यांमध्ये वाटलेला. आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर चंद्रपूर, कोराडी आणि कोयना महानिर्मितीकडे. मौदा आणि सोलापूर एनटीपीसीचे, म्हणजे केंद्राचे. तारापूरची अणुवीजही केंद्राचीच. तिरोड्याचा ३,३०० मेगावॉटचा प्रकल्प अदानीचा, जयगडचा जिंदालांचा. महावितरण या सगळ्यांकडून वीज विकत घेते आणि ती एकाच जाळ्यात मिसळते. घरातला पंखा चंद्रपूरच्या कोळशावर फिरतोय की कोयनेच्या पाण्यावर, हे कोणालाही सांगता यायचं नाही.

आता खरी गोम. वीज खरेदीचा करार बहुधा पंचवीस वर्षांचा असतो आणि दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार: प्रकल्पाचं कर्ज, व्याज, भागधारकांचा परतावा, देखभाल. दुसरा इंधनाचा: जितकी वीज घेतली तितक्या कोळशाचे पैसे. प्रकल्प वीज द्यायला तयार असेल तर स्थिर आकार द्यावाच लागतो, वीज उचला किंवा उचलू नका. समजा एका प्रकल्पाचा महिन्याचा स्थिर आकार १२० कोटी रुपये आहे आणि कोळशाचा खर्च युनिटला ३ रुपये. महिन्यात ६० कोटी युनिट घेतली तर स्थिर आकार युनिटमागे २ रुपये पडतो, एकूण ५. तीच वीज ३० कोटी युनिटच घेतली तर ७ रुपये. १५ कोटीवर आलं तर ११. प्रकल्प तोच, मालक तोच, कोळसाही तोच.

दाभोळमध्ये महाराष्ट्राने हेच अनुभवलं, आणि फार महागात. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी मंडळाने १९९३ मध्ये करार केला. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, वाटाघाटी होऊन पुन्हा झाला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा इंधन होतं खनिज तेलापासून मिळणारं नाफ्था, हिशोब डॉलरशी बांधलेला आणि मागणी अंदाजाइतकी वाढलेली नव्हती. वीज न घेताही पैसे मोजायचे आणि घेतली तर आणखी मोजायचे, अशा कात्रीत मंडळ सापडलं. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि वर्षअखेरीस एन्रॉनच दिवाळखोरीत निघाली. परदेशी कंपनी, राजकारण, लाचेचे आरोप यांवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. माझ्या मते कळीचा मुद्दा साधा होता: रुपया घसरला, तेल महागलं, मागणी कमी पडली, तरी या तिन्ही गोष्टींचा भुर्दंड करारानुसार खरेदी करणाऱ्यावरच पडत होता. उद्या एखाद्या सरकारी कंपनीशी असाच करार केला तरी असंच होईल.

याच्या उलट टोकाचं उदाहरण गुजरातमधल्या मुंद्र्याचं. २००६ च्या निविदेत टाटांनी या ४,००० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे दर भरला. वीज घेणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्रही आहे. कोळसा इंडोनेशियातून यायचा होता. २०१० मध्ये त्या देशाने निर्यातीचे नियम बदलले, कोळसा महागला आणि कंपनी दर वाढवून मागू लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१७ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की परदेशातल्या कोळशाचा भाव वाढला म्हणून कराराबाहेर जाऊन दर वाढवता येणार नाही. मात्र देशातल्या कोळसा वाटपाचं धोरण सरकारनेच बदललं असेल तर त्याची भरपाई मिळू शकते. या दुसऱ्या वाक्याच्या आधारे इतर काही खासगी प्रकल्पांना पुढे मोठ्या रकमा मिळाल्या आणि त्या शेवटी ग्राहकांच्या दरातूनच गेल्या. मालक कोण यावर लोक भांडतात. वकील मात्र भांडतात ते धोका कोणाच्या माथी लिहिला आहे यावर, आणि पैसा ठरतो तिथे.

तयार झालेली वीज ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टच्या तारांवरून धावते. इथे स्पर्धेला फारसा अर्थ नाही. एकाच डोंगरावरून दोन कंपन्यांचे मनोरे समांतर उभे करणं म्हणजे खर्च दुप्पट आणि फायदा शून्य. म्हणून राज्याराज्यांमधल्या बहुतेक मोठ्या वाहिन्या पॉवरग्रिड या केंद्राच्या कंपनीकडे आहेत आणि राज्यांतर्गत वाहिन्या महापारेषणकडे. खासगी कंपन्या इथेही आहेत, पण स्पर्धा तार बांधायच्या आधी होते: अमुक वाहिनी कमीत कमी वार्षिक मोबदल्यात कोण बांधून चालवेल, याची निविदा निघते. एकदा बांधली की ती सगळ्यांसाठी खुली.

या जाळ्यात एक अडचण अशी की वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणं अजूनही महाग आणि अवघड आहे. ज्या क्षणी जितकी लागते तितकीच त्या क्षणी तयार व्हायला हवी. हा मेळ घालण्याचं काम ऐरोली-कळव्याच्या राज्य भारप्रेषण केंद्रात चालतं. तिथे दिवस चोवीस तासांचा नसून पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांचा असतो. महावितरण, बेस्ट, अदानी, टाटा, सगळे आदल्या दिवशी प्रत्येक तुकड्यासाठी आपली मागणी कळवतात. वीजकेंद्रं किती देता येईल ते कळवतात. मग ज्याचा इंधनखर्च सगळ्यात कमी त्याची वीज आधी, मग त्याच्या वरच्याची, असा क्रम लागतो. स्थिर आकार या क्रमात मोजत नाहीत, कारण तो वीज घेतली तरी आणि नाही घेतली तरी द्यायचाच आहे. त्यामुळे वाहतुकीमुळे महाग कोळसा जाळणारं केंद्र सरकारी असलं तरी रांगेत मागे पडतं आणि स्वस्त कोळशाचं खासगी केंद्र पुढे जातं. दुपारी सौर वीज भरपूर येते तेव्हा कोळशाची केंद्रं उतरवतात. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि घराघरांत दिवे लागतात, तेव्हा काही मिनिटांत पूर्ण जोर पकडणारं कोयना उपयोगी पडतं. पण तेही मनाला येईल तितकं चालवता येत नाही, कारण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे.

समोरच्या पडद्यावर सगळ्यांची नजर असते ती एका आकड्यावर: वारंवारता, ५० हर्ट्झ. मागणी वाढली की आकडा घसरतो, निर्मिती जास्त झाली की चढतो. तो ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचा असतो. हा आकडा देशभर एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं आणि संपूर्ण भारत एका तालावर आला. एकत्र असण्याचा धोका आदल्याच वर्षी दिसला होता. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. पश्चिमेचं जाळं तेव्हा तगलं. मुंबईची पाळी आली १२ ऑक्टोबर २०२० ला. कळवा-पडघे भागातल्या पारेषण वाहिन्यांत बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमाराला लोकल जागच्या जागी थांबल्या. बेस्ट, टाटा, अदानी, तिघांच्याही ग्राहकांची वीज एकदमच गेली. बिलावर नाव कोणाचंही असो, पाठीमागची तार सामाईकच असते.

उरलं वितरण. सगळ्यात किचकट भाग हाच, आणि राजकारण सगळ्यात जास्त मुरलेलाही हाच.

महावितरणचे ग्राहक सुमारे तीन कोटी, त्यांत चाळीस लाखांहून जास्त शेतीपंप. शेतीपंपाचा दर खर्चापेक्षा बराच कमी असतो. तो खड्डा दोन वाटांनी भरला जातो. एक म्हणजे राज्य सरकारचं अनुदान. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे ती अशीच: शेतकऱ्याला बिल नाही, पण महावितरणला ते पैसे सरकारने द्यायचे आहेत, आणि कायदा म्हणतो आगाऊ द्यायचे. सरकारं आगाऊ पैसे किती नेमाने देतात हे वेगळं सांगायला नको. दुसरी वाट म्हणजे कारखाने, दुकानं आणि मोठे ग्राहक यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त दर घेणं. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात.

त्यावर गळती. काही वीज तारांत तापून जाते, ते अटळ आहे. काही तारांवर आकडे टाकून चोरीला जाते, काहींचं बिल निघतं पण वसूल होत नाही. यात एक मेख अशी की अनेक शेतीपंपांना मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर निघतं. मग शेतीने नक्की किती वीज वापरली हा अंदाजच ठरतो आणि चोरी, नादुरुस्त मीटर, खराब डीपी यांचा तोटा ‘शेतीचा वापर’ या नावाखाली सहज लपतो. शेतकऱ्याच्या नावावर किती युनिट खपवली जातात, यावर दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगासमोर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. लोडशेडिंगच्या काळात महावितरणने यातून एक कडक उपाय काढला होता: वाहिन्यांचे गळती आणि वसुलीनुसार गट पाडले, गळती जास्त त्या वाहिनीवर वीज जास्त वेळ बंद. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या घराला शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा, म्हणून त्यावर टीकाही खूप झाली.

वितरण खासगी हातात दिलं की हे सुटतं का? राज्यात याचे प्रयोग झाले, पण विक्रीचे नव्हे, फ्रँचायझीचे. परवाना महावितरणचाच, दर आयोगाचेच. कंपनी महावितरणकडून ठरलेल्या दराने वीज घेणार, गळती कमी करणार, वसुली वाढवणार, उरलेला फरक तिचा. भिवंडी २००७ मध्ये टोरंटकडे गेली. यंत्रमागांचं गाव, तारा कुजलेल्या, आणि घेतलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच येत नव्हते. काही वर्षांत हे प्रमाण आधीच्या निम्म्याच्याही खाली आलं. बिलं आणि मीटरवरून गावात असंतोषही भरपूर झाला, पण आकडे सुधारले हे खरं. मग २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचा काही भाग वेगवेगळ्या कंपन्यांना दिला. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपवावा लागला, जळगावचा त्यानंतर, नागपूरची कंपनी २०१९ मध्ये बाहेर पडली. तिन्ही ठिकाणी पुन्हा महावितरण आलं. एकाच राज्यात, एकाच पद्धतीच्या करारावर एक यश आणि तीन माघारी. भिवंडीत तोटा इतका मोठा होता की गुंतवणूक करून तो कमी केल्यावर हाताला भरपूर लागत होतं. जिथे परिस्थिती आधीच बरी असते तिथे सुधारायला जागा कमी उरते, आणि निविदेत भरलेला चढा दर गळ्याशी येतो.

दिल्लीने २००२ मध्ये वितरण कंपन्यांची ५१ टक्के मालकीच खासगी हाती दिली. गळती पन्नास टक्क्यांच्या वरून दहाच्या खाली आली, ही मोठी गोष्ट आहे. पण खर्च वाढत असताना दर दाबून ठेवले गेले आणि कंपन्यांचं येणं ‘पुढे कधीतरी वसूल करू’ म्हणून वहीत चढत गेलं. ते २७ हजार कोटींच्या पुढे गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या आयोगांना अशा थकीत रकमा ठराविक मुदतीत निकाली काढायला सांगितलं. म्हणजे कधीतरी दिल्लीकरच ते भरणार.

दर ठरवण्याचा अधिकार कागदोपत्री ना कंपनीचा ना मंत्र्याचा. तो नियामक आयोगाचा. आपला राज्य आयोग १९९९ पासून आहे. कंपनी आपला खर्च मांडते, आयोग जनसुनावणी घेतो, कोणताही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो, आणि मग आदेश निघतो. अदानी असो, बेस्ट असो की महावितरण, सगळ्यांना हाच दरवाजा. सुनावणीला उद्योजकांच्या संघटना आकडेमोड करून येतात, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्था येतात. घरगुती ग्राहक मात्र क्वचितच दिसतो, आणि बिल वाढल्यावर चिडतो सगळ्यात जास्त तोच.

मग जसे मोबाइलचे नंबर तसे वीज कंपनी बदलण्याचे पर्याय का नाहीत? मुंबईत काही प्रमाणात आहेत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकायचा अधिकार असल्याचं मान्य केलं आणि उपनगरांतल्या लोकांना तार एकाची, वीज दुसऱ्याची अशी निवड करता येऊ लागली. तार वापरल्याबद्दल बिलात ‘वहन आकार’ येतो तो तारेच्या मालकासाठी. सुरुवातीला कोण गेलं? ज्यांना टाटाचा दर स्वस्त पडत होता ते. आणि ज्यांच्या जास्तीच्या दरावर लहान ग्राहकांना सवलत मिळत होती ते मोठे ग्राहक गेल्याने मूळ कंपनीच्या उरलेल्यांवर भार आला. तो समतोल साधायला बदललेल्या ग्राहकांवर अधिभार बसवावा लागला. एक मेगावॉटच्या वरचे कारखाने बाहेरून थेट वीज घेतात तेव्हा त्यांनाही असाच अधिभार पडतो. स्वच्छ ऊर्जा घेणार असाल तर २०२२ पासून ही मर्यादा १०० किलोवॉटवर आली आहे.

हाच प्रश्न पुढे राज्यभर येणार आहे. अदानीच्या कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यासाठी समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्या जोडीने तिथेच वीज विकायचा परवाना, मागितला तेव्हा ४ जानेवारी २०२३ ला महावितरणचे कर्मचारी संपावर गेले. सरकारशी चर्चा होऊन तो त्याच दिवशी मिटला. संपाची मांडणी ‘सरकारी विरुद्ध खासगी’ अशी झाली. पण त्या पट्ट्यात कारखाने आहेत, मॉल आहेत, डेटा सेंटर आहेत आणि शेतीपंप जवळजवळ नाहीत. क्रॉस सबसिडीचा पैसा जिथून येतो नेमका तोच भाग. असा परवाना द्यायचा तर तीन गोष्टी आदेशात लिहिलेल्या असायला हव्यात: नव्या कंपनीने त्या हद्दीतल्या प्रत्येक मागणाऱ्याला, झोपडपट्टीतल्यालाही, वीज द्यायची की नाही, गेलेल्या ग्राहकांमुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या पंपांचा बुडालेला हिस्सा कोण भरणार, आणि त्या ग्राहकांसाठी म्हणून महावितरणने पंचवीस वर्षांचे जे करार करून ठेवलेत, त्यांचा स्थिर आकार कोणाच्या बिलात जाणार. याची उत्तरं अर्जात सापडत नाहीत, ती आयोगाच्या सुनावणीत मागावी लागतात.